पीठ पाहून पाणी

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं पालक शाळेंत भेटीस येतात, आणि त्या भेटींत एक प्रश्न दरवर्षीं माझ्या कानीं पडतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, परंतु प्रश्न तोच. "सर, दोघे एकाच घरांत वाढले, एकाच ताटांत जेवले, मग एक इतका शहाणा आणि दुसरा असा कसा?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग थोडा व भय अधिक असतें. आपल्या हातून कोठें तरी चूक झाली असावी, निदान मुलाच्या ठिकाणीं कांहीं तरी उणें असावें, असें त्यास वाटत असतें. कित्येक वर्षें मी या प्रश्नाचें उत्तर मोठ्या आत्मविश्वासानें देत असें. नियम कडक करा, लाड कमी करा, दोघांना सारखेंच वागवा, म्हणजे दोघे सारखे निपजतील, असें मी सांगत असें. ऐकणारे मान डोलवीत आणि घरीं जात. तें उत्तर चुकीचें होतें हें मला शाळेनें शिकविलें नाहीं. तें मला माझ्या घरानें शिकविलें, आणि त्या शिकवणीची फी माझ्या मुलांनीं भरली. आज सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असतांना, ज्या पालकांना मीं तें उत्तर दिलें त्यांचें देणें थोडेंसें तरी फेडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आम्हांला तीन अपत्यें. थोरला मुलगा म्हणजे जन्मापासून वादळ. त्याला भूक लागली कीं सारी आळी जागी होई. आणि तो हंसला तर त्या हंसण्यानेंही घर दुमदुमे. त्याच्या झोपेस वेळ नसे, भुकेस वेळ नसे. नवें अंगडें अंगांत घातलें तर जणूं कांहीं त्यांत कुसळेंच भरलीं आहेत अशा रीतीनें तो तें ओरबाडून काढी. त्याच्या पाठची मुलगी अगदीं निराळी. दिवेलागण झाली कीं ती झोपे, आणि पहाटे जागी होऊन पाळण्यांत आपल्याशींच हंसत पडून राही. जो घांस द्यावा तो ती खाई, जो हात पुढें करील त्याच्याकडे जाई. शेजारच्या काकू म्हणत, "अशीं दहा मुलें सांभाळायला द्या, मी सांभाळीन." धाकटा मुलगा या दोघांहूनही वेगळा. तो फारसा रडत नसे व फारसा हंसतही नसे. अनोळखी माणूस दारांत दिसला कीं तो आईच्या पदराआड जाई. नवें खेळणें आणलें तर दोन दिवस दुरूनच पाही, तिसऱ्या दिवशीं हळूच एक बोट लावी, आणि चवथ्या दिवशीं तेंच खेळणें उशाशीं घेऊन झोपे.

आईबाप तेच, घर तेंच, अन्न तेंच. तरी तीन मुलांचे तीन तऱ्हांचे स्वभाव पाळण्यांतच दिसूं लागले होते. पाहणाऱ्यास ते दिसलेही असते. परंतु मी शिक्षक होतों, आणि 'न्याय म्हणजे सारखेपणा' हें माझें ब्रीद होतें. सकाळीं साडेपांचाला तिघांनीं उठावयाचें, ताटांत जें पडेल तें तिघांनीं मुकाट्यानें खावयाचें, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेंत तिघांनीं एकेक वचन मोठ्यानें म्हणावयाचें. कोणास सवलत नाहीं, कोणावर अन्याय नाहीं. आपण एका रुळानें तीन सरळ रेघा ओढीत आहोंत, असें मला वाटे.

या सारखेपणाचें फळ काय आलें तें सांगतों. थोरल्याशीं माझें रोज युद्ध होऊं लागलें. माझा आवाज चढे, त्याचा त्याहून चढे. मी हात उगारीं, तो ताट लोटून उठून जाई. रात्रीं झोपलेल्या त्या मुलाच्या गालावर वाळलेले आंसूं पाहून मला वाईट वाटे, आणि सकाळीं पुन्हां तेंच युद्ध सुरू होई. पण माझे डोळे खरे उघडले ते धाकट्याच्या निमित्तानें.

तो तेव्हां आठ वर्षांचा होता. नाताळच्या कार्यक्रमांत शब्बाथशाळेंतील प्रत्येक मुलानें चर्चमध्यें पुढें उभें राहून एक उतारा तोंडपाठ म्हणावा, अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. त्याला उतारा उत्तम पाठ होता. अंथरुणावर पडल्या पडल्या तो पुटपुटत असलेला मीं ऐकला होता. आदल्या रात्रीं तो माझ्या खुर्चीजवळ आला आणि म्हणाला, "पप्पा, मी मागच्या रांगेंत उभा राहून सर्वांबरोबर गीत म्हटलें तर चालेल का?" मीं सांगितलें, "तुझ्या दादानें म्हटलें, ताईनें म्हटलें, तूंही म्हणशील." दुसऱ्या दिवशीं तो पुढें गेला. त्याचे ओंठ हलले, पण शब्द फुटला नाहीं. मंडळींत कोणीसें हंसलें. तेवढ्यावर मी थांबतों तरी बरें होतें. परंतु मीं पहिल्या बाकावरून पहिला शब्द मोठ्यानें सांगितला, आणि तो गप्प राहिला म्हणून पुन्हां सांगितला, अधिक मोठ्यानें. तो खालीं उतरला आणि माझ्याकडे न पाहतां माझ्या समोरून निघून गेला.

त्यानंतर जवळ जवळ वर्षभर त्या मुलानें कौटुंबिक प्रार्थनेंत तोंड उघडलें नाहीं. वर्गांतही तो उत्तरें देईनासा झाला. शेवटीं त्याच्या वर्गशिक्षिकेनें मला बोलाविलें. ज्या टेबलाच्या एका बाजूस मी वर्षानुवर्षें बसत आलों होतों, त्याच्या दुसऱ्या बाजूस त्या दिवशीं मी बसलों, आणि माझ्याच तोंडून शब्द निघाले, "बाई, तिघेंही एकाच घरांत वाढलीं, मग हाच असा कसा?" तें वाक्य माझ्या कानीं पडलें तेव्हां मला कळलें कीं, हा प्रश्न विचारणाऱ्यांना मीं आजवर काय दिलें होतें.

हा प्रसंग छापावयाचा कीं नाहीं याची मला शंका होती, म्हणून मीं त्यालाच विचारलें. आतां तो चांगला मोठा झाला आहे. तो म्हणाला, "लिहा, पण माझें नांव घालूं नका." म्हणून या लेखांत मीं कोणाचेंच नांव घातलें नाहीं.

त्या दिवशीं शाळेंतून मी तडक माझ्या आईकडे गेलों. ती चुलीपुढें भाकरी थापीत होती. तिचें शिक्षण चवथीपर्यंतचें. परंतु नातवंडें सुटींत तिच्याकडे गेलीं कीं कधीं तंटा होत नसे, याचें मला नेहमीं नवल वाटे. मीं सारी हकीकत सांगितली. ती ऐकत होती आणि तिचे हात चालूच होते. मग ती म्हणाली, "अरे, बाजरीचं पीठ आणि गव्हाची कणीक एका मापानं भिजवतं का कुणी? पीठ बघून पाणी घालावं."

ज्यांनीं स्वयंपाकघर पाहिलें आहे त्यांना या बोलण्याचा अर्थ सांगावयास नको; पण आमच्यासारख्या पुरुषांना तो सांगावा लागतो. गव्हाची कणीक मळून, तिंबून, घटकाभर झांकून ठेवावी, तेव्हां पोळी मऊ होते. बाजरीचें पीठ असें मळून ठेवलें तर भाकरी थापतांना फुटते. तें कोमट पाण्यांत लागेल तेवढेंच भिजवून ताबडतोब थापावें लागतें. लाटणें फिरवून भाकरी होत नाहीं आणि थापून पोळी होत नाहीं. यांत बाजरीचा अपराध नाहीं, गव्हाची थोरवी नाहीं. दोहोंनीं पोट सारखेंच भरतें.

मग मला आठवलें कीं, आई तिन्ही नातवंडांशीं तीन प्रकारांनीं वागत असे, आणि मी त्याला पक्षपात म्हणत असें. थोरल्याला ती खेळांतून ओढून आणीत नसे. "पाणी तापलंय, अजून दोन डाव खेळ आणि ये," असें ती सांगे, आणि दोन डाव संपले कीं तो खरोखरच येई. धाकट्याला दुसऱ्या दिवशीं मळ्यांत न्यावयाचें असलें तर ती आदल्या रात्रींच सांगून ठेवी कीं, वाटेंत ओढा लागेल, विहिरीपाशीं कुत्रा आहे, तो भुंकतो पण चावत नाहीं. नातीची वेणी घालतांना ती मुद्दाम वेळ लावी आणि तिच्याशीं बोलत बसे. ज्याला मी पक्षपात समजत होतों, तो चाळीस वर्षांच्या निरीक्षणानें आलेला हातगुण होता.

घरीं परतल्यावर मीं जुनीं पुस्तकें काढलीं. लाजेची गोष्ट अशी कीं, बी. एड्.च्या परीक्षेंत स्वभावभेदांचें प्रकरण मीं पाठ करून लिहिलें होतें, आणि उत्तीर्ण होऊन विसरूनही गेलों होतों. आतां तेंच प्रकरण मी बाप म्हणून वाचूं लागलों.

स्वभावाचा विचार कांहीं आजचा नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या गेलन या ग्रीक वैद्यानें रक्त, कफ, पीत पित्त व कृष्ण पित्त या चार द्रवांच्या कमीअधिक प्रमाणावरून माणसांच्या वृत्तींचे भेद सांगितले. आपल्याकडे वात, पित्त व कफ यांवरून प्रकृति ओळखण्याची रीत तर घरोघर परिचित आहे. गेलनची ती द्रवांची उपपत्ति शास्त्रानें केव्हांच टाकून दिली. परंतु माणूस जन्मतःच कांहीं एक ढब घेऊन येतो, हें निरीक्षण टिकून राहिलें. मध्यंतरीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, वारें उलट दिशेनें वाहूं लागलें होतें. अमेरिकेंतील जॉन वॉटसन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ असें प्रतिपादन करीत कीं, मूल हें घडवावें तसें घडतें. या मताचा एक परिणाम असा झाला कीं, मूल बिघडलें कीं दोष आईच्या माथीं मारला जाऊं लागला.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या पतिपत्नींस ही गोष्ट पटेना. दोघेंही न्यूयॉर्क येथील मनोविकारतज्ज्ञ. १९५६ सालीं त्यांनीं तान्ह्या मुलांचें निरीक्षण आरंभिलें, आणि १३३ मुलांचा मागोवा तीं मुलें प्रौढ होईपर्यंत घेतला. मूल शहाणें कीं द्वाड, असा प्रश्न त्यांनीं आईबापांना विचारला नाहीं. अंघोळीस घातलें तेव्हां तें काय करतें, नवा घांस तोंडांत दिला तेव्हां काय करतें, असें ते विचारीत. अशा उत्तरांतून त्यांनीं स्वभावाचीं नऊ अंगें वेंचून काढलीं. मूल किती हालचाल करतें. त्याची झोप व भूक नियमित आहे कीं नाहीं. नव्या वस्तूकडे तें झेपावतें कीं माघार घेतें. बदल त्याच्या अंगवळणीं लवकर पडतो कीं उशिरां. किती बारीकशा आवाजानें किंवा स्पर्शानें तें चाळवतें. आनंद वा राग तें किती जोरानें प्रकट करतें. त्याची वृत्ति बहुधा प्रसन्न असते कीं कुरकुरी. त्याचें चित्त दुसरीकडे सहज वळवितां येतें कीं नाहीं. आणि हातीं घेतलेल्या गोष्टीस तें किती वेळ चिकटून राहतें.

या नऊ अंगांच्या जुळणीवरून त्यांस मुलांचे तीन प्रकार ठळकपणें आढळले. शंभरांतील सुमारें चाळीस मुलें सोपीं. सुमारें दहा कठीण. आणि सुमारें पंधरा मुलें हळूहळू रुळणारीं, म्हणजे थंड भांड्याप्रमाणें तापावयास वेळ घेणारीं. वाचतां वाचतां माझीं तिन्ही मुलें मला त्या पानांवर दिसूं लागलीं. परंतु याच हिशेबांत एक आंकडा आहे, तो पुष्कळ जण वगळतात. सुमारें पस्तीस मुलें यांपैकीं कोणत्याच कप्प्यांत नीट बसत नव्हतीं. म्हणून हे प्रकार म्हणजे ओळखीच्या खुणा आहेत. मुलाच्या कपाळीं मारावयाचे शिक्के नव्हेत.

त्या दांपत्याचा खरा शोध मात्र या वर्गवारींत नाहीं. कठीण स्वभावाचीं सारींच मुलें पुढें बिघडलीं नाहींत आणि सोपीं सारींच सुखी झालीं नाहींत, हें त्यांनीं पाहिलें. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांची अपेक्षा यांचा मेळ बसला कीं मूल फुलतें. तो न बसला कीं कोणताही स्वभाव अडचणीचा होतो, असें त्यांनीं दाखविलें. न्यूयॉर्कमध्येंच त्यांनीं पोर्टो रिको बेटांतून आलेल्या कामगारांच्या मुलांचाही अभ्यास केला. त्या घरांत मुलांनीं ठराविक वेळींच झोपावें असा आग्रह नसे. त्यामुळें ज्याच्या झोपेस नियम नाहीं असें मूल तेथें शाळेंत जाईपर्यंत कोणास त्रासदायक वाटतच नसे. उलट अतिशय चळवळें मूल त्या लहानशा खोल्यांत मोठी समस्या होऊन बसे. स्वभाव तोच, परंतु एका घरीं तो खपून जातो आणि दुसऱ्या घरीं तो दुर्गुण ठरतो. माझ्या आईचें 'पीठ बघून पाणी' याहून निराळें काय सांगत होतें?

एवढें समजल्यावर माझें घर एका दिवसांत पालटलें असें कोणीं समजूं नये. थोरल्याच्या बाबतींत मीं प्रथम नियमांची संख्या कमी केली. कोणास मारावयाचें नाहीं, खोटें बोलावयाचें नाहीं, आणि अंधार पडण्यापूर्वीं घरीं यावयाचें, एवढे तीन नियम ठेवले; पण त्या तिहींना अपवाद ठेवला नाहीं. एका कामांतून दुसऱ्या कामाकडे वळावयाचें असलें कीं त्याला आगाऊ सूचना देऊं लागलों. अभ्यासापूर्वीं त्याला सायकलीवरून दुधास पाठवावयाचें, म्हणजे अंगांतील वाफ वाटेवर निघून जाई. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, त्याचा आवाज चढला कीं माझा उतरविणें. त्यांत मी अनेकदां फसलों. परंतु एके दिवशीं भांडणानंतर अर्ध्या तासानें तो आपण होऊन परत आला आणि म्हणाला, "पप्पा, माझं चुकलं." तोंवर तीं अक्षरें मीं त्याच्याकडून छडीच्या धाकानेंच वदवून घेतलीं होतीं. आज तो रुग्णवाहिका चालवितो. लहानपणीं ज्या जोरामुळें तो आम्हांला नकोसा होई, त्याच जोरानें तो आतां रात्रीं-बेरात्रीं परक्यांसाठीं धांवत असतो.

धाकट्याच्या बाबतींत मीं एक चूक टाळण्याच्या नादांत दुसरी केली. त्याला कशाचाच ताण नको, असें ठरवून मी त्याच्यासाठीं सर्व वाटा सोप्या करूं लागलों. दुकानांत मी बोलत असें, पाहुण्यांना उत्तरें मी देत असें, शाळेंतील भाषणांतून मीं त्याला सूट मिळवून दिली. तो आणखीच आक्रसला. त्या सुमारास मीं हार्वर्ड विद्यापीठांतील जेरोम केगन यांचें संशोधन वाचलें. चार महिन्यांच्या बालकांपुढें नवीं चित्रें हलविलीं, नवे आवाज व वास आणले, म्हणजे शंभरांतील सुमारें वीस बालकें हातपाय झाडून रडूं लागत, आणि पुढें बुजरीं होण्याचा संभव त्यांच्यांतच अधिक असे. परंतु ज्या घरांत अशा मुलांना प्रत्येक लहानसहान भीतीपासून झांकून ठेवण्यांत आलें, त्या घरांत त्यांचा बुजरेपणा अधिक टिकला. आणि ज्या घरांत मायेनें पण ठामपणें त्यांना थोडें थोडें पुढें नेण्यांत आलें, तेथें तो कमी झाला. ढकलणें चूक, झांकून ठेवणेंही चूक. उरतें तें एकच: बोट धरून, त्याच्या पावलानें चालणें.

मग आम्हीं शनिवारीं संध्याकाळीं रिकाम्या चर्चमध्यें जाऊं लागलों. पहिल्या शनिवारीं आम्ही नुसते बाकावर बसून आलों. दुसऱ्या शनिवारीं तो पुढें जाऊन उभा राहिला आणि परत आला. कांहीं आठवड्यांनीं त्यानें मला एकट्याला एक वचन वाचून दाखविलें. मग आईला, मग आजीला. मी कधीं "शाबास" असें मोठ्यानें म्हटलें नाहीं, कारण मोठ्यानें म्हटलेली शाबासकीही त्याला जड होते, हें मला आतां कळलें होतें.

दोन्ही मुलगे मार्गी लागत आहेत असें वाटत असतांनाच मला तिसरा धडा मिळाला, आणि तो सर्वांत कडू होता. मुलगी तेव्हां नववींत होती. तिच्याविषयीं मीं आतांपर्यंत फार थोडें लिहिलें आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. आमच्या घरांतही तसेंच चाललें होतें. एके दिवशीं स्वयंपाकघरांत ती भोंवळ येऊन पडली. डॉक्टरांनीं विषमज्वराचें निदान केलें आणि तिला रुग्णालयांत ठेवून घेतलें. चौकशी करतां कळलें कीं, ताप पांच दिवसांपासून येत होता. मीं विचारलें, "बाळ, तूं सांगितलें कां नाहींस?" ती शांतपणें म्हणाली, "दादाची रोज कटकट चालली होती, आणि छोट्याची परीक्षा होती. तुम्हांला वेळ कुठं होता?" तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला तें सोसणें सोपें गेलें असतें.

त्या रात्रीं तिच्या खाटेपाशीं बसलों असतां मला एक वाचलेली गोष्ट आठवली. पूर्व आफ्रिकेंतील मसाई लोकांत १९७४ सालच्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला होता. डव्हरीस नांवाच्या एका संशोधकानें तेथील कांहीं बालकांच्या स्वभावाची नोंद आधींच करून ठेवली होती. पुढें त्यानें चौकशी केली तेव्हां त्यास असें आढळलें कीं, सोपीं, शांत बालकें अधिक दगावलीं होतीं आणि किरकिरीं, आरडाओरड करणारीं बालकें अधिक वांचलीं होतीं. बालकें मोजकींच होतीं, म्हणून त्यावरून मोठा सिद्धांत बांधूं नये. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा एक अर्थ असा लावतात कीं, जें मूल रडतें त्याच्या तोंडीं दूध आधीं जातें. माझ्या घरीं दुष्काळ नव्हता. तरी लक्षाचा दुष्काळ होता, आणि न रडणाऱ्या मुलाच्या वांट्यास तो आला होता. 'सोपें मूल' या शब्दाचा खरा अर्थ 'आईबापांना सोपें' एवढाच आहे. त्या मुलाचें स्वतःचें आयुष्य सोपें असतें, असा त्याचा अर्थ नव्हे. मुलगी ईश्वरकृपेनें बरी झाली. तेव्हांपासून दर रविवारीं दुपारीं तिच्याबरोबर फिरावयास जाण्याचा मीं नेम केला, आणि ती सासरीं जाईपर्यंत तो पाळला. पहिले कित्येक रविवार आम्ही जवळ जवळ मुक्यानेंच चाललों. जिला कोणीं विचारलेंच नव्हतें, तिला सांगावयास शिकण्यासही वेळ लागला.

पालकबंधुभगिनींनो, मुलाच्या स्वभावाबरोबर आपल्या स्वतःच्या स्वभावाकडेही एकदां पाहावें, अशी माझी विनंति आहे. माझें थोरल्याशीं भांडण होई तें तो माझ्यासारखाच तापट होता म्हणून. आणि धाकट्याचा मौनीपणा मला खुपे तो तो माझ्यासारखा नव्हता म्हणून. पवित्र शास्त्रांत इसहाकाच्या घरची गोष्ट आहे. एसाव आणि याकोब हे जुळे भाऊ. एक रानांत शिकार करणारा, दुसरा तंबूंत राहणारा साधा गडी. बापाला शिकारीचें मांस आवडे म्हणून बापाची प्रीति एकावर, आईची दुसऱ्यावर. एका उदरांत एकाच वेळीं वाढलेले दोघे इतके निराळे निघाले यांत कोणाचाच दोष नव्हता. परंतु आपल्या आवडीस जुळेल तोच स्वभाव चांगला, असें आईबापांनीं मानलें, आणि तें घर दुभंगलें.

मुलांच्या देखत "हा हट्टीच आहे," "ही आमची गरीब गाय," "हा मेला घुम्या," असें बोलणेंही सोडून द्यावें. मूल तो शब्द उचलतें आणि अंगरख्यासारखा अंगावर चढवितें. मग तो सहजासहजीं उतरत नाहीं. त्याचप्रमाणें, स्वभाव जन्माचा आहे म्हणून वळण लावणेंच नको, असाही अर्थ कोणीं घेऊं नये. रागावणें हा स्वभाव असेल, पण बहिणीस मारणें हा स्वभाव नव्हे. बुजणें हा स्वभाव असेल, पण दारीं आलेल्यास पाणी न विचारणें हा स्वभाव नव्हे. मुक्कामाचें गांव सर्व मुलांस एकच असावें. रस्ता मात्र ज्याच्या त्याच्या पायांना झेपेल असा असावा.

उधळ्या पुत्राची गोष्ट मीं वर्गांत व शब्बाथशाळेंत अनेक वेळां सांगितली आहे. धाकटा मुलगा परत येतो आणि बाप धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडतो, येथेंच माझी गोष्ट नेहमीं संपत असे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत ती तेथें संपत नाहीं, हें माझ्या लक्षांत फार उशिरां आलें. थोरला मुलगा रुसून अंगणांत उभा राहतो, कारण त्यानें कधीं त्रास दिला नाहीं आणि त्याच्याकडे कधीं कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तेव्हां बाप मेजवानी सोडून त्याच्यासाठींही बाहेर येतो. एका मुलासाठीं तो धांवतो, दुसऱ्याजवळ उभा राहून त्याची समजूत घालतो. दोघांसाठीं घराबाहेर येतो तो बाप एकच.

गेल्या नाताळांत आमच्या पाळकसाहेबांनीं शास्त्रपाठ कोण वाचील असें विचारलें, तेव्हां धाकट्यानें आपण होऊन हात वर केला. त्यानें मान वर केली नाहीं आणि आवाजही फार मोठा नव्हता. मागच्या बाकांवरील मंडळींना कदाचित् तो नीट ऐकूंही आला नसेल. माझी आई आतां हयात नाहीं. पण तिच्या जागेवर माझी मुलगी तिच्या लेकरास घेऊन बसली होती, आणि थोरला रात्रपाळीहून तसाच येऊन दाराशीं उभा होता. मी पहिल्या बाकावर बसलों नव्हतों. मी चवथ्या बाकावर बसलों होतों, आणि त्याला लागलाच तर सांगावा असा एकही शब्द मीं ओंठांवर घेतला नव्हता.